पर्माकल्चरच्या संशोधनाला हातभार लावायचा आहे? सोलापूरच्या दहा गुंठ्यांपासून अशी सुरुवात करा

नोकरी सोडून गावी परतलेले तरुण, बचत गटातल्या बायका, कृषी आणि समाजकार्य शिकणाऱ्या मुली असे कितीतरी जण पर्माकल्चरबद्दल, म्हणजे झाडं, पिकं, पाणी आणि घर निसर्गातल्यासारखं एकमेकांना धरून बसवणाऱ्या टिकाऊ शेतीबद्दल, विचारत असतात. फिरून फिरून प्रश्न एकाच ठिकाणी येतो: यातून घरचं खाणं भागेल का? आपल्या मातीत, आपल्या पावसात मोजून काढलेलं उत्तर देता यावं म्हणून संशोधकांना पैशाइतकीच नीट नोंदी ठेवणाऱ्या घरांची गरज असते. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मी अशा नोंदी ठेवते. सुरुवातीला काय धरायचं आणि काय सोडायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. तो गोंधळ तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

थोडी पार्श्वभूमी. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी ऑस्ट्रेलियात १९७८ मध्ये पर्माकल्चरची मांडणी केली. १९८७ मध्ये मॉलिसन भारतात शिकवायला आले. आपल्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या झहीराबाद परिसरात कोरडवाहू जमिनीवर पर्माकल्चरचं काम अनेक वर्षं चालू आहे. आपल्याकडे श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' उभा करून शेतकऱ्यालाच प्रयोग करायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, अशी त्यांची मांडणी होती. ती सोलापूरच्या कोरडवाहूवर कितपत खरी उतरते, हे तपासण्यासारखं आहे.

अभ्यास अगदीच झाले नाहीत असं नाही. २०२४ मध्ये जर्मनी आणि लक्झेंबर्गमधल्या नऊ पर्माकल्चर शेतांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेजारच्या नेहमीच्या शेतांपेक्षा तिथे मातीत सुमारे २७ टक्के जास्त कार्बन आणि कितीतरी जास्त गांडुळं आढळली. पण तिथला पाऊस वेगळा, माती वेगळी, ताटही वेगळं. आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तोवरच्या लेखनाचा आढावा घेतला, तेव्हा ही चळवळ शास्त्रीय अभ्यासापासून तुटलेली राहिली आहे आणि तिचे काही दावे फार सोपे करून सांगितले जातात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आपल्या नोंदींचं काम इथूनच सुरू होतं.

१. खड्डे काढण्याआधी प्रश्न ठरवा

'पर्माकल्चर चांगलं का?' हा संशोधनाचा प्रश्न होत नाही, कारण तो मोजता येत नाही. असे प्रश्न घ्या: दहा गुंठ्यांतून घरच्या भाजीचा किती वाटा निघतो? मार्च ते जून या महिन्यांत काय मिळतं? मिश्र पेरणीत सलग ज्वारीपेक्षा एकूण अन्न जास्त निघतं का? यातला एकच प्रश्न पहिल्या वर्षाला पुरे.

अन्नसुरक्षेच्या चार बाजू मानल्या जातात: अन्न उपलब्ध असणं, ते घेण्याची ऐपत असणं, अंगी लागणं आणि हे सगळं वर्षभर टिकणं. आपल्याकडे खरी परीक्षा चौथ्या बाजूची. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य २०१३ च्या कायद्याने मिळतं, त्यामुळे पोटाला भाकरी-चपाती मिळते. ताटातून आधी निघून जाते ती भाजी, मग डाळ, मग दूध. आणि हे उन्हाळ्यात घडतं. म्हणून माझं ठाम मत आहे की सोलापुरात हा अभ्यास करायचा तर तो मे महिन्यात थांबवून चालणार नाही. पावसाळ्यात भाजी कुणाच्याही बांधावर असते.

२. कुणाला तरी सोबत घ्या

एकट्याची वही कितीही नीट असली तरी ती आठवण म्हणून राहते. शास्त्राच्या कामी यायची तर पद्धत आधी जाणकाराला दाखवलेली असावी. सोलापुरात यासाठी लांब जावं लागत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र शहरातच आहे आणि तिथलं काम १९३३ पासूनचं आहे. मोहोळला कृषी विज्ञान केंद्र आहे, उत्तर सोलापुरात दुसरं आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात आणि जवळच्या कृषी महाविद्यालयांत प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी दरवर्षी असतात. तुमच्याकडे जमीन आणि वही, त्यांच्याकडे पद्धत आणि मार्गदर्शक, अशी जोडी चांगली जमते.

जाताना 'मला मदत करा' एवढंच म्हणू नका. एका पानावर प्रश्न, गट नंबर, क्षेत्र, पाण्याची सोय आणि किती वर्षं नोंद ठेवणार हे लिहून न्या. समोरचा माणूस लगेच कामाचं बोलू लागतो.

एक सावधगिरी. पर्माकल्चरचा नेहमीचा आराखडा-अभ्यासक्रम ७२ तासांचा असतो. परवडत असेल तर जरूर करा, शिकायला मिळतं. पण नोंदी ठेवण्यासाठी त्या प्रमाणपत्राची अट नसते. 'एकरी अमुक लाख' असं सांगून जो कोर्स विकतो, त्याला तीन वर्षांच्या वजनाच्या वह्या दाखवायला सांगा.

३. कागदपत्रं आणि सामान

कागद: सातबारा, आठ-अ, गटाचा हाताने काढलेला नकाशा (विहीर, बोअर, झाडं, उतार दाखवलेला), माती तपासणीचा अहवाल, आणि संशोधन करणाऱ्यांबरोबर लिहून घेतलेलं संमतिपत्र. जमीन सामाईक असेल तर भावकीला आधीच सांगा. मधेच कुणी ट्रॅक्टर घातला तर वर्ष वाया जातं.

सामान: दहा किलोपर्यंतचा टांगायचा काटा, धान्यासाठी मोठा काटा, पर्जन्यमापक, मोजपट्टी, खुंट्या आणि सुतळी, जाड पुठ्ठ्याची वही, दोरीने बांधलेला पेन. दोरी खरंच बांधा. पेन हरवला की त्या दिवसाची नोंद गेली.

आधार क्रमांक, बँकेचं पासबुक किंवा कोऱ्या कागदावरची सही या अभ्यासाला लागत नाही. कुणी मागितली तर देऊ नका.

४. दोन प्लॉट शेजारी शेजारी

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. दहा गुंठे पर्माकल्चर पद्धतीने लावायचे असतील, तर तेवढेच किंवा निदान पाच गुंठे नेहमीच्या पद्धतीने शेजारीच ठेवा. हा तुलनेचा प्लॉट नसेल तर 'उत्पन्न वाढलं' या वाक्याला आधार राहत नाही. पाऊस चांगला झाला म्हणूनही वाढलेलं असू शकतं.

इथे एक सापळा हमखास असतो. हौसेचा प्लॉट माणूस ओढ्याकडच्या काळ्या, खोल जमिनीत काढतो आणि तुलनेला माळावरचा मुरूम ठेवतो. मग निकाल पद्धतीचा येत नाही, मातीचा येतो. दोन्ही प्लॉट एकाच उतारावर, एकाच खोलीच्या मातीत हवेत. दोन्हीकडे ज्वारी असेल तर वाण एकच ठेवा. एकीकडे मालदांडी आणि दुसरीकडे संकरित असं करू नका. पेरणीही एकाच वापशावर करा.

सगळी जमीन मात्र यात घालू नका. घर ज्या पिकावर चालतं ते चालू द्या.

पर्माकल्चरच्या प्लॉटमध्ये काय लावायचं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तरी थोडक्यात सांगते. उताराला आडवे समपातळीचे चर काढा. बांधावर शेवगा, हादगा, सीताफळ, बोर, कढीपत्ता, लिंबू लावा. मधे तूर, बाजरी, मटकी, हुलगा, अंबाडी, आणि रब्बीला ज्वारी, करडई, हरभरा, जवस. घराजवळ आळ्यातल्या पालेभाज्या आणि मांडवावर वेल.

आच्छादनाबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण बाहेरची माहिती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. बहुतेक ठिकाणी सांगतात की पिकाचे अवशेष जमिनीवर पसरा. आपल्याकडे कडबा म्हणजे जनावराचं वर्षाचं पोट. तो जमिनीवर टाकला तर गोठ्यात चारा विकत आणावा लागतो आणि त्याचा परिणाम दुधावर, म्हणजे पुन्हा ताटावरच होतो. म्हणून आच्छादनाला उसाचं पाचट, गिरिपुष्पाचा पाला, तुरीचा पालापाचोळा वापरा आणि कडबा वापरलाच तर त्याचं वजन खर्चाच्या बाजूला लिहा. पाचटाखाली वाळवी लागली तर तेही लिहा.

५. पावसाआधी माती, पावसात गांडुळं

मातीचा नमुना मे महिन्यात घ्या, रान मोकळं असताना. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची माती खुरप्याने खरवडा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी नमुना घेऊ नका. दोन प्लॉटच्या पिशव्या वेगळ्या आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली असू द्या. शाई ओलीने पसरते. अहवालात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, बघा. तो वर्षात उडी मारत नाही, त्यामुळे पहिल्या अहवालावरून काही ठरवू नका.

गांडुळं मोजायची तर चांगला पाऊस झाल्यावर चार-पाच दिवसांनी. दर वेळी सारख्याच मापाचा, साधारण वीतभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, माती गोणपाटावर फोडून मोजा आणि गांडुळं परत सोडा. दोन्ही प्लॉटमध्ये त्याच दिवशी.

फोटो ठरलेल्या खुंटीजवळ उभं राहून, ठरलेल्या दिशेने, महिन्याला एकदा.

६. पाऊस आणि दिलेलं पाणी

आपल्या जिल्ह्याची पावसाची सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरात. एका मंडळातल्या दोन गावांत पाऊस सारखा पडत नाही, त्यामुळे मंडळाच्या आकड्यावर विसंबू नका. पर्जन्यमापक उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याचीही तीच वेळ. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. रकाना मोकळा राहिला तर पाऊस नव्हता की वाचायचं राहिलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

दहा गुंठ्यांवर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे पाच लाख लिटर पाणी. चरांनी त्यातलं किती अडवलं हा अभ्यासाचा सुंदर विषय आहे. पण बोअरचं पाणी दिलं तर तेही लिटरात लिहायला हवं: ठिबक किती तास चालू होतं, तोट्या किती, एका तोटीतून तासाला किती लिटर. टँकर, घागर, बादली, सांडपाणी सगळं आलं पाहिजे. बोअरवर पोसलेली बाग 'कोरडवाहू पर्माकल्चर' म्हणून पुढे गेली, तर ते वाचून पाणी नसलेला शेतकरी फसेल. हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे.

मजुरी लिहिताना घरच्या बायकांचे तासही लिहा. पालेभाजी खुडणं, निवडणं, आळ्याला पाणी घालणं हे काम कुणी मजुरी म्हणून धरत नाही. पर्माकल्चरच्या प्लॉटमध्ये नेमकं हेच काम वाढतं. ते कुणाच्या अंगावर पडतं हे आकड्यात दिसू द्या.

७. वजन: ओटीतली भाजी काट्यावर आणा

सगळ्यात मोठी गळती इथे होते, म्हणून थोडं सविस्तर.

ज्वारी, तूर, हरभरा यांचं वजन होतं, कारण ते पोत्यात भरलं जातं. पण अंबाडीची कोवळी पानं, तांदुळजा, पाथरी, घोळ, शेवग्याचा पाला, चार वांगी, मूठभर हिरव्या मिरच्या हे पोत्यात जात नाही. संध्याकाळी शेतातून येताना सासूबाई पदराच्या ओटीत भाजी आणतात, सरळ परातीत टाकून निवडायला बसतात आणि तासाभरात ती कालवणात असते. पर्माकल्चरचं वेगळेपण ज्या अन्नात आहे, तेच अन्न असं न मोजता खाल्लं जातं. मग कागदावर प्लॉट गरीब दिसतो.

आमच्याकडे यावर लागू पडलेला उपाय साधा आहे. टांगायचा काटा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीलाच लावला आहे. त्याला कापडी पिशवी अडकवलेली, पिशवीचं वजन आधीच वहीत लिहिलेलं. भाजी घरात येताना पिशवीतून येते. आकडा ज्याला दिसेल तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहितो: 'अंबाडी ४००', 'शेवगा पाला १५०'. रात्री मी ते वहीत उतरवते. लिहिता न येणाऱ्या माणसासाठी भाजीचं चित्र काढलेल्या डब्या ठेवा आणि मापाला एक खडा टाकायला सांगा.

आणखी काही गोष्टी:

धान्य वाळल्यावर तोला. मळल्या मळल्या तोललेली आणि आठ दिवस उन्हात घातलेली ज्वारी सारखी भरत नाही. हुरडा वेगळा लिहा, तो ओला असतो आणि पाहुणेही खातात.

घरात मापटं-पायली चालत असेल तर चालू द्या. फक्त एकदा मापटंभर ज्वारी, मापटंभर तूर, मापटंभर हुलगा वेगवेगळा तोलून वजनं वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

वाळवणं दोनदा धरली जातात. गवार ओली तोलली आणि नंतर वाळवून मे महिन्यात खाल्ली, तर उत्पन्नात ती एकदाच यायला हवी. खाण्याच्या नोंदीत मात्र मे महिन्यात यायला हवी.

प्रत्येक ओळीपुढे एक खूण करा: खाल्लं, विकलं, वाटलं, बियाणं ठेवलं, जनावराला घातलं. शेजारी वाटलेली भाजीही गावाचं अन्नच आहे. किंमत लिहायची असेल तर त्या दिवसाचा आठवडी बाजारातला भाव वेगळ्या रकान्यात, पण किलो कधीही गाळू नका.

८. ताट: काल काय खाल्लं?

पोतं भरलं म्हणजे ताट भरलं असं नसतं. डाळिंबाने चांगले पैसे मिळणाऱ्या घरातही बाईच्या ताटात भाकरी आणि चटणीच असू शकते. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेची एक सोपी पद्धत आहे. १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रीला काल दिवसभर आणि रात्री काय काय खाल्लं ते विचारायचं आणि दहा गटांपैकी किती गट आले ते मोजायचे: धान्य व कंद, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ-जवसासारख्या बिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर-भोपळा-पपईसारखी पिवळी-केशरी भाज्या-फळं, इतर भाज्या, इतर फळं. पाच किंवा जास्त गट आले तर आहारात पुरेशी विविधता धरतात.

पंधरा ग्रॅमपेक्षा कमी खाल्लेला पदार्थ यात धरत नाहीत. सोलापुरात हे फार लक्षात ठेवायचं, कारण शेंगाचटणी रोजच्या ताटात असते. बोटभर चटणी घेतली तर 'बिया' हा गट आला असं लिहू नका. भाकरीवर चांगली पसरून खाल्ली असेल तर धरा.

विचारायची पद्धत आकड्याइतकीच महत्त्वाची. बाईला एकटीला विचारा, शक्यतो बाईनेच विचारावं. सासू किंवा नवरा समोर असेल तर 'सगळं असतं आमच्यात' हेच उत्तर येतं. ती शेवटी जेवत असेल तर घरात शिजलेलं नको, तिच्या ताटात आलेलं विचारा.

दिवसही बघा. एकादशी, श्रावणी सोमवार, लग्न, गड्ड्याची जत्रा यांच्या दुसऱ्या दिवशी विचारलं तर नेहमीचा आहार कळत नाही. अक्कलकोटकडे वेळ अमावस्येला शेतात भज्जी होते, तिच्यात कितीतरी कडधान्यं आणि भाज्या असतात. त्या एका दिवसावरून वर्षाचं चित्र काढलं तर प्रत्येक घर समृद्ध ठरेल. अशा दिवसाची नोंद घेतलीच तर पुढे सण लिहा. दर महिन्याला एकदा, साध्या दिवशी विचारणं उत्तम, आणि एप्रिल-मे अजिबात चुकवू नका. हेच प्रश्न पर्माकल्चर न करणाऱ्या शेजारच्या घरांतही विचारायला हवेत.

९. हिशेब

मिश्र पिकाची तुलना करताना नुसते किलो मिळवू नका. एक किलो ज्वारी आणि एक किलो करडई सारखी नाही. त्यासाठी जमिनीचं समतुल्य गुणोत्तर काढतात. समजा सलग ज्वारी गुंठ्याला १० किलो आणि सलग करडई गुंठ्याला ८ किलो येते. मिश्र गुंठ्यात ज्वारी ७ आणि करडई ४ किलो आली. ७ भागिले १० म्हणजे ०.७, आणि ४ भागिले ८ म्हणजे ०.५. बेरीज १.२. तेवढंच धान्य सलग पेरून काढायला १.२ गुंठे लागले असते. बेरीज एकाच्या खाली आली तर तीही तशीच लिहून द्या. कमी आलेला आकडा पुढच्या शेतकऱ्याचं नुकसान वाचवतो.

निदान तीन वर्षं नोंदी ठेवा. सीताफळ-लिंबू पहिल्या वर्षी काही देत नाहीत आणि आपल्याकडे लागोपाठ दोन वर्षं सारखा पाऊस क्वचितच होतो. दुष्काळी वर्षी नोंद थांबवण्याचा मोह होईल. तेच वर्ष सर्वांत मोलाचं.

वही महिन्याला मोबाईलवर फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. बरीच घरं असतील तर कोबोटूलबॉक्स या मोबाईलवर माहिती गोळा करायच्या साधनात मराठी फॉर्म करता येतो आणि रेंज नसतानाही भरता येतो.

१०. माहिती कुणाची, बियाणं कुणाचं

संमतिपत्र मराठीत असावं, त्याची एक प्रत तुमच्याकडे राहावी. तीन गोष्टी त्यात लिहून घ्या: नाव छापणार की नाही, मधेच बाहेर पडता येईल का, आणि निकाल गावात येऊन मराठीत सांगणार का.

जुनं गावरान बियाणं कुणी अभ्यासाला मागितलं तर आनंदाने द्या, पण किती, कशासाठी, कुणाला हे लिहून. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंदणी त्याच्या स्वतःच्या नावावर करायची सोय २००१ च्या कायद्यात आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, तुमच्या रानातले वाण आणि रानभाज्या तिच्यातही चढवून घ्या.

या वर्षीच सुरू करायचं असेल तर क्रम असा: एप्रिलात एका पानाचा प्रश्न घेऊन कृषी विज्ञान केंद्रात, मे महिन्यात मातीचा नमुना आणि पहिली ताटाची नोंद, मृगाच्या आधी पर्जन्यमापक उभा. काटा मात्र आजच दाराला लावा. भाजी रोजच घरात येत असते.